दादांचा आवाज आणि मलकपेठचा राउटर

माझ्या सासऱ्यांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं भांडण मिटवायचं असेल तर राउटरची सेटिंग बदलावी लागेल, असं माझं तांत्रिक मत होतं. ते बरोबर होतं, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढच्या हकिगतीत माझं बरोबर आलेलं दुसरं काहीही नाही.

सासरे म्हणजे अप्पा. मूळचे नांदेडकडचे, पण नोकरी, लग्न आणि निवृत्ती सगळं हैदराबादेत, मलकपेठेतल्या एकाच घरात झालं. घरात मराठी, भाजीवालीशी तेलुगू आणि राग आला की दखनी, म्हणजे हैदराबादी उर्दू, अशी त्यांच्या भाषांची वाटणी आहे. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, नांदेडलाच असतात. पाटबंधारे खात्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा, की धरण नसतं तरी पाणी जागच्या जागी थांबलं असतं.

दोन वर्षांपूर्वी दादा हैदराबादला यायला निघाले. अप्पा त्यांना घ्यायला काचीगुडा स्टेशनवर गेले. गाडी नामपल्लीला, शहरातल्या दुसऱ्याच स्टेशनला गेली. झालं! अप्पा काचीगुड्याच्या फलाटावर प्रत्येक डब्यात डोकावून बघतायत, आणि दादा नामपल्लीच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेत. त्यांच्या फोनची बॅटरी संपलेली. संध्याकाळपर्यंत वाट बघून दादा उठले, परतीच्या गाडीत बसले आणि थेट नांदेडला घरी! "घ्यायला कुणी आलं नाही," हे दादांचं म्हणणं. "नामपल्ली म्हणून सांगितलंच नव्हतं," हे अप्पांचं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दिवाळीलासुद्धा अप्पा फोन हातात घ्यायचे, बघायचे आणि खिशात ठेवायचे.

शेवटी माझी बायको मधुरा आणि तिचा नांदेडचा चुलतभाऊ विनय, म्हणजे दादांचा मुलगा, यांनी एक डोकं लढवलं. माझा मेहुणा बंगळूरला जाताना त्याचा गेमचा कन्सोल मलकपेठेत टाकून गेला होता. विनयकडेही तसाच होता. मालट्रकांचा एक खेळ असतो. प्रत्येकाला एक ट्रक, आणि सगळ्यांनी मिळून ताफा घाटातून पलीकडे न्यायचा. घरोघरी बसून, पण एकमेकांशी बोलत. टेबलावर छोटा माइक ठेवायचा, समोरच्याचा आवाज टीव्हीतून येतो. आधी फोन कुणी करायचा, हा प्रश्नच मिटला. खेळात दोघं एकदमच येणार!

पहिल्या रविवारी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले. पडद्यावर दादांचा निळा ट्रक आला. अप्पांनी घसा खाकरला.

"दादा, नमस्कार करतो."

उत्तर नाही.

"दादा, तब्येत कशी आहे?"

निळ्या ट्रकनं एकदा हॉर्न वाजवला आणि तो गेला निघून!

अर्ध्या तासानं विनयचा मधुराला फोन. "मधू, बाबा भडकलेत. म्हणतायत, मी इथून दहादा हाक मारली, पण तो एक शब्द बोलला नाही. अजून फुगलाय म्हणे!"

"अरे, अप्पाच बोलत होते की! काका बोलेनात."

"बाबांना काहीच ऐकू आलं नाही, आणि मी सांगून त्यांना पटत नाही. आता म्हणतायत, पुढच्या रविवारी शेवटचं. बोलला तर बोलला, नाहीतर त्याला मी मेलो."

हे ऐकून अप्पांनी रिमोट खाली ठेवला आणि गच्चीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

इथे माझा प्रवेश. मी पुण्याचा. (हे पुढे उपयोगी पडणार आहे.) गच्चीबावलीतल्या एका कंपनीत, फायरवॉल बनवणाऱ्या विभागात मोठ्या पदावर आहे. सासरी सगळ्यांचा समज असा, की जगातल्या निम्म्या फायरवॉलच्या किल्ल्या माझ्या खिशात असतात. खरं तर गेली कित्येक वर्षं मी फायरवॉलला हात लावलेला नाही, फक्त तिच्याबद्दल मीटिंगा घेतो. पण सासरचा समज मोडणं हे जावयाला शोभत नाही.

"खेळ चालतो पण आवाज येत नाही ना? राउटर अडवतोय," मी सांगितलं. "आपण बाहेर जे मागतो तेवढंच तो आत सोडतो. न मागता आलेलं बाहेरच थोपवतो. दादांचा आवाज दारात उभा आहे, आणि जोड जुळल्याशिवाय अप्पांचाही बाहेर जात नाही."

"मग आत घ्या की त्यांना!" सासूबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

"काहीच नाही, आई. पाच मिनिटांचं काम."

पुढच्या रविवारी सकाळीच आम्ही मलकपेठेत हजर. खेळ दुपारी होता. राउटरमध्ये शिरायला पासवर्ड लागतो. तो मेहुण्यानं कधीतरी बदललेला, आणि आता त्यालाही आठवेना. मी म्हटलं, हरकत नाही, आणि मागच्या भोकात टाचणी खुपसून राउटर मुळापासून पुसून टाकला. राउटर अगदी नवा कोरा झाला. इतका, की त्याला घरातलं कुणीच ओळखेना! टीव्ही बंद, सासूबाईंचा टॅब बंद, दारावरचा कॅमेरा बंद. नवा पासवर्ड राउटरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला. अप्पा भिंग घेऊन वाचायला बसले.

"बी... नाही, आठ. मग शून्य."

"शून्य की ओ?"

"गोल आहे."

"अप्पा, दोन्ही गोलच असतात!"

तेवढ्यात जिना चढून सरोजम्मा आल्या. त्या खालच्या मजल्यावर राहतात. वरून नेट खाली जातं आणि खालून गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं वर येतं, असा दोन्ही घरांचा जुना व्यवहार.

"नेट पोयिंदा?" त्यांनी विचारलं. म्हणजे, नेट गेलं का?

"गेलं नाही, अल्लुडुगारू दुरुस्त करायलेत," सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. सरोजम्मांनी जावयाकडे आदरानं पाहिलं आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या. आता मला प्रेक्षकही मिळाले!

नेट आलं. मी राउटरच्या पानावर फायरवॉल शोधली. तिथे तीन पर्याय होते. कमी, मध्यम, उच्च. आयुष्यभर फायरवॉल विकणाऱ्या कंपनीत काम केल्यावर माणसाचा हात कुठे जाणार? मी 'उच्च'वर बोट ठेवलं आणि समाधानानं मागे टेकलो.

पाठोपाठ मधुराचा रविवारीही चाललेला ऑफिसचा कॉल तुटला. सासूबाईंच्या टॅबवर पुरणाचं सारण परतणारी बाई झारा वर धरून तशीच थांबली. दादांच्या आवाजाबरोबर बाकी सगळ्या जगाचाही आवाज बंद!

"शिरीष," मधुरा आतून म्हणाली, "मी माझ्या बॉसला 'तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही' एवढंच बोलले आणि कॉल कट झाला. पुढे 'असं क्लायंट म्हणतोय' हे राहिलं."

मी घाईनं 'उच्च'चं 'मध्यम' केलं आणि मुख्य कामाला लागलो. बाहेरून येणारा आवाज थेट कन्सोलकडे पाठव, असा नियम राउटरला घालून द्यायचा असतो. त्यासाठी कन्सोलचा पत्ता टाकावा लागतो. आकड्यांचा असतो, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूचा वेगळा. मी टाकला. दुपार झाली. निळा ट्रक आला. अप्पा माइकवर वाकले.

"दादा, मी बोलतोय."

हॉर्न. बस.

मी पत्ता तपासला. तो सासूबाईंच्या टॅबचा निघाला. दादांचा आवाज मी पुरणाकडे वळवला होता!

पत्ता सुधारला, तरी आवाज नाहीच. इकडे खेळ सुरू झालेला. घाट लागला. पुढे दादांचा ट्रक, मागे अप्पांचा. पुढच्या वळणावर पूल तुटलेला अप्पांना नकाशात दिसला, कारण नकाशा मागच्या ड्रायव्हरकडेच असतो.

"दादा, थांबा! पूल नाही! दादा!"

निळा ट्रक शांतपणे पुलाकडे चालला होता. अप्पा उठले, माइक सोडून खिडकीत गेले, आणि बाहेर तोंड काढून ओरडले, "दादा, ब्रेक लावा!" खाली रस्त्यावर एका ऑटोवाल्यानं कचकन ब्रेक लावला. दादांनी मात्र नाही लावला. ट्रक दरीत.

मधुराचा फोन वाजला. पलीकडून विनय कुजबुजला, "मधू, बाबा म्हणतायत, पूल तुटलेला माहीत असून त्यानं मला मुद्दाम जाऊ दिलं. एक शेवटचा डाव खेळतायत, नंतर कन्सोल कपाटात टाकणार आहेत."

मी भिंतीकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे दिसलं की राउटर एक नाही, दोन आहेत! पांढरा राउटर मेहुण्यानं लावलेला, आणि त्याच्या मागे, कॅलेंडरच्या आड, नेटवाल्या कंपनीचा काळा डबा. मी सकाळपासून आतल्या दाराशी झटत होतो, आणि बाहेरचं फाटक तसंच बंद! काळ्या डब्यात शिरलो, तिथेही तोच नियम घातला, 'सेव्ह' दाबलं.

"बोला, अप्पा."

"दादा?"

काही नाही. (त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'हे लागू होण्यासाठी डबा बंद करून चालू करा' असं लिहिलेलं होतं. सूचना वाचायला माझ्या हाताखाली माणसं असतात.)

"झालं का तुमचं?" सासूबाई वाटीभर भिजलेली डाळ घेऊन आल्या. "मला मिक्सर लावायचाय. स्वैपाकघरातला प्लग कालपासून गेलाय."

"लावा आई," मी हात टेकले. "आता काही होत नाही."

त्यांनी दोन्ही डब्यांच्या पिना उपटल्या, मिक्सर फिरवला, डाळ वाटली, पिना परत लावल्या आणि उरलेली डाळ आणायला आत गेल्या. डबे उठले, दिवे लागले, अप्पांनी आशेनं परत खेळ जोडला. मी तिकडे पाहिलंही नाही. मी कोचावर पाय पसरले होते आणि माझा संयम संपला होता.

"मी म्हणतो, दादांचं तरी काय!" मी मोठ्यानं म्हणालो. "एवढे धरणाची दारं उघडणारे इंजिनीअर, आणि शेजारच्या माणसाचा फोन मागून एक कॉल करता येईना? दिवसभर बाकावर फुगून बसायचं! नर्सरीतली मुलंसुद्धा असं करत नाहीत!"

"कोण बोलायलंय हे?" खोलीत भारदस्त आवाज आला.

"अप्पा, तो टीव्ही जरा कमी करा हो."

"टीव्ही नाही. मी दादा बोलायलोय. नांदेडहून."

मी पाय खाली घेतले. मधुरा दारात थिजली. सरोजम्मांना मराठी फारसं कळत नाही, पण त्यांनीही पदर सावरला. अप्पा हळूहळू उभे राहिले.

"दादा? ऐकू येतंय तुम्हाला?"

"हौ. सगळं ऐकलो. कोण आहे रे तो?"

"जावई आहे."

"पुण्याचा?"

"हौ."

"तरीच."

मला वाटलं, अप्पा आता माझी बाजू सावरतील. सकाळपासून त्यांच्यासाठीच तर मी टाचणी घेऊन उभा होतो. अप्पा माझ्याकडे वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी दखनीत बोलले.

"क्या बातां करते जी तुम? मेरे बड़े भाई को ऐसा नक्को बोलो! समझे?"

"समझे," मी म्हणालो.

"राहू दे रे बाळ्या," टीव्हीतून दादा म्हणाले. अप्पांना बाळ्या म्हणणारा माणूस जगात एकच आहे, हे मला तेव्हा कळलं. "त्याला कशाला रागवायलास? खरं सांगू का, फोन मागायचं मला सुचलंच नाही बघ. बसून राहिलो तसाच."

"मला तरी कुठं सुचलं, एकदा नामपल्लीला जाऊन बघावं म्हणून," अप्पा टीव्हीजवळ सरकले. "पाच-सहा किलोमीटरवर होतात तुम्ही, दादा."

"जेवलास का?"

"नाही अजून. तुम्ही?"

सासूबाई दारात येऊन डाळीचा हात तसाच धरून डोळे मनगटानं पुसत होत्या. तेवढ्यात पडद्यावर धडाम्! बोलण्याच्या नादात दोघांनीही ब्रेकचं बटण सोडलं होतं आणि दोन्ही ट्रक एकमेकांना टेकत टेकत एकाच दरीत गेले.

"बाळ्या, पूल!"

"दादा, ब्रेक!"

आणि दोघं असे हसायला लागले, की खालून सरोजम्मांचे मिस्टर वर बघायला आले.

त्यानंतर दर रविवारी ताफा निघतो. दादा पुढे, अप्पा मागे, मध्ये विनय आणि मधुरा. बोलणं ट्रकचं कमी आणि माझ्याबद्दलचं जास्त असतं, असं मधुरा सांगते. परवा तिला ऑफिसचं काम आलं म्हणून तिच्या जागी मला घ्यायचं ठरलं. दादांनी थोडा विचार केला आणि परवानगी दिली. अट एकच घातली, की जावयाचा माइक बंद पाहिजे.

ती सेटिंग मात्र मला पहिल्या फटक्यात जमली.