ओडु का ओदु

"ओडु का ओदु, सर?"

वाटेत कुठंही गाठ पडली की त्याचा पहिला प्रश्न हाच. कडक सलाम ठोकायचा आणि मी उत्तर द्यायच्या आधीच खदखदून हसायचा.

ही भानगड तुम्हाला सांगायलाच पाहिजे. कानडी मुलखातल्या संतपूरच्या मराठी शाळेत मी कानडी शिकवायचो. कानडीत 'ओदु' म्हणजे वाच आणि 'ओडु' म्हणजे पळ. पाचवीच्या वर्गात मी त्याला म्हणालो, "ऊठ, ओदु." पठ्ठ्या उठला आणि दारातून सुसाट बाहेर! मैदानाला वळसा घालून धापा टाकत परत हजर.

"कामून पळालास रे?"

"तुम्हीच म्हणलाव की सर, ओडु!"

वर्ग हसून लोटपोट. मी रागावणार होतो, पण त्याचं ते पळणं बघून राग कुठल्या कुठं गेला. कानडीच्या नावानं त्याची शेवटपर्यंत बोंबच होती. पळण्यात मात्र अख्ख्या तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

पळता पळताच तो फौजेत गेला. सुट्टीवर आला की सकाळी धाकट्या बहिणीला घेऊन औरादच्या रस्त्यावर पळायचा. ती दमून बसली की ओरडायचा, "ओडु गं, ओडु! बसायला काय लग्नाला आलीस व्हय?" तिच्यासाठी बूटही त्यानंच आणले होते. माय तुरीच्या रानातून म्हणायची, "पोरीला कशाला पळवायलास रे?" आणि पदराआड हसायची.

मग सीमेवर लढाई पेटली आणि तो तिरंग्यात गुंडाळलेला घरी आला. सगळं गाव रडलं. मीही रडलो. मास्तर असलो म्हणून काय झालं?

मायनं पोरीचे बूट पेटीत घालून कुलूप लावलं. पोरीला भावासारखंच फौजेत जायचं होतं. माय एकच म्हणायची, "एक दिला. आता हिला न्हाई देणार. वाचू दे, मास्तरीण होऊ दे."

पोरगी मला आईची समजूत काढायला घेऊन गेली. पण त्या माउलीपुढं कोणत्या तोंडानं बोलणार? भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि शेजारी त्याचा वर्दीतला फोटो. मी चहा पिऊन उठलो. निघताना मायच म्हणाली, "सर, ते पाचवीतलं सांगा की परत."

"मी ओदु म्हणालो, अक्का. वाच म्हणालो."

"आन त्यानं काय ऐकलं?"

"ओडु."

ती हसली, अगदी त्याच्यासारखीच खदखदून. मग डोळ्यांना पदर लावला. "माझं लेकरू त्याला पाहिजे तेच ऐकायचं बघा, सर."

परवा सकाळी फिरायला निघालो, तर समोरून पोरगी पळत येत होती. पायात तेच बूट. माय मागं रस्त्याच्या कडेला उभी होती. पोरगी थबकली, वळून आईकडं बघायला लागली. मला वाटलं, आता माय तिला परत बोलावती.

"मागं काय बघायलीस?" माय ओरडली. "ओडु गं, ओडु!"