पत्रिकेतली मोकळी जागा

हे लिहायला बसण्यापूर्वी वाचकांची क्षमा मागणे मला भाग आहे. मांडणी आणि सजावट या विषयावर बोलण्याचा अधिकार ज्यांना असतो, त्यांच्या पंगतीत मी बसत नाही. त्या विद्येचे प्रमाणपत्र माझ्याजवळ नाही आणि दाखवावे असे एखादे कामही नाही. माझे आयुष्य भाषा आणि भूगोल शिकवण्यात गेले. लेखणी हाती धरली ती निवृत्तीनंतर, आणि तीही बिचकतच. तरीसुद्धा काही काळ मी अकोल्याच्या एका वर्गात अक्षरांकन शिकलो. ते शिक्षण जिथे थांबले तिथेच माझे मन पुन्हा पुन्हा जाऊन उभे राहते. ही पाने लिहिण्याला याहून मोठे कारण नाही.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या आगेमागची ही वर्षे. आम्ही बडनेऱ्याला राहत होतो. वडील रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासणे, खडी भरणे, उन्हापावसात लाइनीवर चालणे हे त्यांचे काम. घरात पहिला मॅट्रिक झालो तो मी, आणि पुढे नोकरी सांभाळून बी.ए.ही झालो. अमरावतीच्या एका शाळेत शिकवायला जात असे. माझे हस्ताक्षर बरे होते, म्हणून चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाल्यावर शाळेचे फलक लिहिण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिले.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा फलक मी फार मन लावून लिहिला. प्रत्येक अक्षर घोटून काढले. पालक येत, फलकासमोर उभे राहत, अक्षर छान आहे म्हणत आणि मग शिपायाला विचारत की कार्यक्रम किती वाजता आहे. वेळ फलकावरच लिहिलेली होती, पण ती कोणाला सापडत नव्हती. आपले काहीतरी चुकते आहे एवढे मला कळले. काय चुकते आहे ते कळेना. त्या वेळी मी तिशी ओलांडली होती. काही नवे शिकायला निघण्याचे ते वय नव्हे, असे आमच्याकडे सगळ्यांनाच वाटे, आणि मलाही वाटे.

अकोल्याला जठारपेठेत एक सर रविवारी वर्ग घेतात, असे कोणीतरी सांगितले. ते मुंबईत व्यावसायिक चित्रकला शिकून आलेले होते. एका दुकानावरच्या माडीवर त्यांचा वर्ग भरे. मी पॅसेंजरने गेलो, जिन्याखाली बराच वेळ घुटमळलो आणि परत फिरणार तोच सर स्वतःच वर जाताना भेटले. शिकायला आलात की शिकवायला, असे त्यांनी विचारले. माझ्या अंगावरचा कोट पाहून त्यांना तसे वाटले असावे. शिकायला, असे मी इतक्या हळू म्हणालो की त्यांना पुन्हा विचारावे लागले.

वर्गात बहुतेक मॅट्रिक झालेली पोरे होती. मी मागच्या बाकावर बसे. पहिले काही रविवार सरांनी आम्हाला अक्षराला हातच लावू दिला नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या कागदाचे लहानमोठे तुकडे ठेवायचे, सरकवायचे आणि बघत राहायचे. कोणता तुकडा कागदाला एका अंगाला झुकवतो, कोणता सावरतो, नजर आधी कुठे जाते आणि मग कुठे विसावते, ते पाहायचे. त्यानंतर पट्टी, टी-स्क्वेअर, रुलिंग पेन आणि पोस्टर कलर आले. रुलिंग पेनात रंग किती पातळ भरावा, रेघ ओढताना श्वास कुठे धरावा, हे हात धरून शिकवण्यात सरांना कमीपणा वाटत नसे.

तपासण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. कोणीही काम पुढे ठेवले की ते कागद उलटा करत, म्हणजे मथळा खाली आणि तळ वर, आणि मग डोळे किलकिले करून त्याकडे पाहत. ते म्हणत, ‘वाचता आले की मन अर्थाच्या मागे जाते. अर्थ बाजूला ठेवा. कागदावर वजन कुठे आहे आणि मोकळी जागा कुठे आहे, तेवढेच पाहा. मोकळी जागा म्हणजे काही लिहायचे राहून गेले असे नव्हे. ती आपण ठेवलेली असते.’

हे ऐकले आणि माझ्या संमेलनाच्या फलकाला काय झाले होते ते मला एकदम समजले. मी फलकावर कुठे श्वास घ्यायलाच जागा ठेवली नव्हती. त्यानंतर मला जणू वेडच लागले. परतीच्या गाडीत मी स्टेशनांच्या पाट्या आणि दंतमंजनाच्या जाहिराती मान वाकडी करून पाहत असे. मूर्तिजापूरला समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने शेवटी न राहवून विचारले की मास्तर, मान लचकली असेल तर उतरल्यावर चोळून देऊ काय. डबाभर माणसे हसली. मीही हसलो, आणि इतक्या अनोळखी माणसांत मी हसलो असे पूर्वी कधी झाले नव्हते.

वर्ष सरत आले तेव्हा सरांनी मला मागे थांबवून घेतले. मुंबईच्या त्यांच्या संस्थेत काही जागा शिक्षकांसाठी असत. खात्याची रजा मिळे, आणि शिकून आल्यावर शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून नेमणूकही होई. सरांच्या शिफारशीला तिथे मान होता. पण कोणाचीही शिफारस करण्यापूर्वी त्यांची एक अट असे: विद्यार्थ्याने स्वतः मांडलेले एक तरी काम छापून आलेले हवे आणि ते निर्दोष हवे. वयाची मर्यादाही होती. पुढच्या वर्षी मी तिच्या पलीकडे जाणार होतो. सर म्हणाले, ‘तुमच्याकडे नजर आहे. फक्त एक छापील कागद आणून दाखवा.’

छापील कागद मी कुठून आणणार? माझ्यासारख्याला काम कोण देणार? पण त्याच सुमारास धाकट्या बहिणीचे लग्न ठरले, आणि पत्रिका मीच करतो असे मी घरी सांगून टाकले.

आमच्या घरात लग्नाची पत्रिका त्यापूर्वी कधी छापलेली नव्हती. लग्ने तोंडी आमंत्रणावर होत. धर्मांतरानंतर आमच्या घरातले हे पहिले लग्न, वंदना घेऊन आणि पांढरी साडी नेसून होणारे. तेव्हा छापखान्यात पत्रिकेसाठी जे तयार ठसे असत ते गणपतीचे, कलशाचे आणि केळीच्या खांबांचे. आमच्या पत्रिकेला त्यातला एकही चालणार नव्हता, आणि मनातून मला याचा आनंद झाला. कोरा कागद मिळाला होता. मी पिंपळाचे एकच पान काढले आणि ते मधोमध न ठेवता थोडे उजवीकडे, वरच्या अंगाला ठेवले. खाली डावीकडे वधूवरांची नावे, तिथी, स्थळ आणि वडिलांचे नाव. बाकी सगळा कागद मोकळा. तो उलटा करून पाहिला, डोळे किलकिले करून पाहिला. एक रेघही हलवावी असे वाटेना. आयुष्यात माझ्या हातून पूर्ण बरोबर झालेली ती एकच गोष्ट असावी.

संध्याकाळी वडील कामावरून आले. त्यांना वाचता येत नव्हते. पण पत्रिका कशी असते ते त्यांना ठाऊक होते, कारण स्टेशन मास्तरांच्या आणि मालधक्क्यावरच्या व्यापाऱ्यांच्या घरच्या पत्रिका त्यांनी पाहिलेल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग मोकळ्या जागेवर बोट ठेवले.

‘हे सारं रिकामं काऊन ठेवलं?’

मी त्यांना समजावून सांगितले. नजरेला विसावा लागतो, गर्दी झाली की महत्त्वाचे दिसत नाही, मोठ्या शहरांत आता असेच करतात. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. आत्या चुलीपाशी बसली होती. वडिलांची ही थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली आणि आमची आई गेल्यावर आम्हा भावंडांना तिनेच वाढवलेले. ती म्हणाली, ‘मास्तर कागद वाचवून राहिला. दुसऱ्या लग्नाले कामी येईन.’

वडील हसले नाहीत. ते म्हणाले, ‘त्या व्यापाऱ्याच्या पत्रिकेवर त्याच्या आज्याचं नाव होतं, चुलत्यायचं होतं, मेलेल्या मायचंबी होतं. मले वाचून दाखवलं होतं तिथल्या कारकुनानं. मी तवाच म्हटलं होतं, आपल्या पोरीच्या वक्ताले आपलेबी सारे छापू.’ आणि मग मला विचारले, ‘आपल्याइथं कोणाचं नाव कुठी छापलं आहे, सांग बरं?’

मी विचार करू लागलो. माझे नाव परीक्षेच्या निकालात छापून आले होते. मतदारांची यादी सोडली तर आणखी कोणाचेच नाही. आत्या तर त्या यादीतही अमक्याची विधवा म्हणून होती. तिचे नाव काय, हे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा विचारले. तिला ते सांगायला वेळ लागला. सासरी एक ठेवले होते, माहेरी एक होते, आणि कोणते छापायचे यावर तिचे आणि वडिलांचे भांडण झाले. शेवटी ती म्हणाली, ‘माहेरचंच घाल बापा. दुसऱ्या नावानं मले कोणी चांगलं बोललंच नाही.’

वडील एकेक नाव सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. आजोबा, आजी, आमची आई, वडिलांना लहानपणी सांभाळणारे मोठे काका, आत्या, धामणगावच्या मावश्या, गँगमधले सोबती, ज्यांनी आमच्या शिक्षणाला कधी ना कधी हातभार लावला होता. वडिलांनी मला आज्ञा केली नाही, हे इथे सांगितले पाहिजे. सगळी नावे सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘तू शिकलेला आहेस. तुले बसत नसतीन तर राहू दे.’

दोन-तीन दिवस मी धडपडत होतो. नावे दोन रांगांत लावून पाहिली, पान लहान करून पाहिले, समास कमी केला. मांडणी काही केल्या सावरेना. अमरावतीच्या छापखान्यात गेलो तर तिथे बारीक खिळे, म्हणजे छपाईची लहान अक्षरे, पुरेसे नव्हते. खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला की शेवटची काही नावे ठळक टाइपात घ्यावी लागतील. म्हणजे गँगमनांची नावे नवरदेवाच्या नावाहून जाड दिसणार. पिंपळाच्या पानाला जागाच उरली नाही. ते वर कोपऱ्यात, टिकलीएवढे झाले. पहिली आवृत्ती खिशातच होती. ती छापायला दिली असती तरी वडील काही बोलले नसते. मी काउंटरपाशी उभा राहिलो आणि नावांची पत्रिका पुढे केली.

पत्रिका आल्या तेव्हा वडील त्या गँगमध्ये स्वतः वाटत फिरले. ज्यांना वाचता येत होते ते न येणाऱ्यांना त्यांच्या नावावर बोट ठेवून दाखवत होते. आत्याने एक पत्रिका ट्रंकेत पातळाच्या घडीत ठेवली. लग्न साधे आणि चांगले झाले.

पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेलो. दाखवायला दुसरे काहीच नव्हते, म्हणून तीच पत्रिका सरांपुढे ठेवली. त्यांनी सवयीप्रमाणे ती उलटी केली आणि डोळे बारीक केले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांना राग आला नाही. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

‘हे तुम्ही केलेत?’

मी हो म्हणालो.

‘खालचा भार पाहिलात? वर्षभर आपण काय करत होतो?’

सर, कागद सरळ करा आणि नावे वाचा, एवढेच मला म्हणायचे होते. ते वाक्य माझ्या मनात तयार होते. ही कोणाची नावे आहेत, ती त्या एवढ्याशा कागदावर का कोंबली आहेत, हे मी सांगितले असते तर ते ऐकणारे गृहस्थ होते. पण वर्गातली सगळी पोरे पाहत होती. मला वाटले की सांगितले तर ती दयेची याचना होईल. आमच्या माणसांची नावे मी सवलत मागायला वापरली असे होईल. मी मान खाली घातली. सरांनी पत्रिका माझ्या हातात दिली आणि ती देतानाही ती उलटीच होती. ते हळू आवाजात म्हणाले की या वर्षी राहू द्या. वर्ग सोडू नका, असेही म्हणाले. मी आणखी काही रविवार गेलो. मग पावसाळा लागला, मग परीक्षा आल्या. नंतर कळले की सर नोकरीसाठी गुजरातेत गेले. पुन्हा आमची गाठ पडली नाही.

मी भाषा आणि भूगोलच शिकवत राहिलो. शाळेचे फलक मी लिहीत असे आणि ते लोकांना वाचता येत. कार्यक्रमाची वेळ मग कोणी शिपायाला विचारली नाही. त्या थोड्या शिक्षणाचा एवढा उपयोग झाला. पण एखाद्या चांगल्या मांडलेल्या पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहिले की आजही मी ते उलटे धरून पाहतो. हे मला करता आले असते, असे वाटते. वडिलांनी मला मोकळे सोडले होते, म्हणून त्यांच्यावर रागावता येत नाही. सरांनी जे शिकवले त्यात काही खोटे नव्हते. ती पत्रिका मांडणी म्हणून वाईटच होती, आणि तसे मी आजही कोणाही विद्यार्थ्याला सांगेन. पण तिच्यातली नावे एकेक करून झाकून पाहतो तेव्हा प्रत्येकापाशी बोट अडखळते.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता तर त्यातले कोणाचे नाव गाळले असते?