तुहलुब

वारलू नान्हे नागभीडकडचा, ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरातला. तेहतिसाव्या वर्षी तो ओमानला खजुराच्या बागेत कामाला गेला. बागेचा सिमेंटचा हौद साफ ठेवणं हे त्याचं काम. मालक सालिम म्हणजे शाळेत अरबी शिकवून निवृत्त झालेला म्हातारा. मोडक्या हिंदीत बोलायचा, पण पाण्याचे शब्द अरबीच वापरायचा. शेवाळ म्हणजे तुहलुब, अशी शेवाळं पुष्कळ झाली की तहालिब. पाण्यावर हिरवं चढलं की म्हणायचं, तहलब.

एकदा सकाळी लांबच्या वावरातून सालिमचा फोन आला. "वारलू, तहलबत!" आवाज आनंदाचा होता, पण वारलूला घाईच झाली. हौद हिरवट दिसतच होता. त्यानं शेवाळ मारायच्या मोरचुदाचं अख्खं पोतं पाण्यात रिकामं केलं. तिसऱ्या दिवशी सालिमचे हौशीनं पाळलेले मासे पोट वर करून तरंगत होते.

सालिम हौदाच्या काठावर येऊन बसला. मग म्हणाला, "मी जमिनीचं बोलत होतो. पेरलेलं रान पहिल्यांदा हिरवं दिसलं, म्हणून सांगितलं."

"शब्द तर तोच होता, बाबा."

"शेवटी त होता. आमच्यात पाणी पुल्लिंगी, जमीन स्त्रीलिंगी. पाणी तहलब, जमीन तहलबत." ओल्या बोटानं त्यानं सिमेंटवर अक्षरं काढली. त्यांच्या खाली शेवाळलेल्या पाण्याचा शब्द लिहिला, मुतहलिब. ऊन कडक होतं, शेवटचा शब्द पुरा होईतो पहिला वाळून गेला. सालिम रागावला नाही. वारलूनं मात्र मेलेले मासे एकट्यानं काढले आणि त्या दिवशी जेवला नाही.

नऊ वर्षांनी वारलू गावी परतला. दुसऱ्याच वर्षी भादव्यात गावचा तलाव दाट हिरवा पडला. सकाळी सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष इतवारी यानं मोरचूद आणून ठेवलं आणि पाळीवर, तलावाच्या बांधावर, सगळ्यांना बोलावलं.

"आजच टाकून देऊ," तो म्हणाला.

"नोका टाकू, भाऊ," वारलू म्हणाला.

"काऊन? तिकडं हेच काम करत होता ना तू?"

"करत होतो, म्हणून सांगून राह्यलो. मी एकदम टाकलो होतो. सारं शेवाळ एकाच वेळी मेलं, सडलं, पाण्यातली हवा खाऊन गेलं. एक मासा वाचला नाई." हे त्यानं गावात कधी सांगितलं नव्हतं. घरीही नाही. त्याची बायको ठमाबाई बायकांमधून त्याच्याकडे बघत राहिली.

इतवारीनं विचारलं, "मग करायचं तरी काय?"

"जाळ्यानं ओढून काढू. वेळ लागंल."

कुरकुर झाली, पण पोती बांधलेलीच राहिली. अकरा दिवस दोन डोंग्यांत बसून शेवाळ ओढलं. तरीही कातला मासा मेला, बराच मेला. रोहू आणि मिरगल तगले. मोरचूद शेवटी इतवारीनं संत्र्याची बाग असलेल्या पाहुण्याला फवारणीसाठी देऊन टाकलं.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावचा तलाव हिरवा पडला, तेव्हा तिथले लोक वारलूला बोलवायला आले. तो गेला, तलावाभोवती एक फेरी मारली, आणि काय करायचं ते सांगण्याआधी पाण्यात उतरून बघतो म्हणाला.