दोन हिरव्या चांदण्या

पंचाहत्तरच्या सुमारास सोलापुरात एक सायकलवाला होता. चाक फिरवलं, की ते थांबेपर्यंत स्वप्नात असल्यासारखा बघत राहायचा. दुकानाच्या पाटीवर दोन हिरव्या चांदण्या होत्या. दर दसऱ्याला तो त्या स्वतः रंगवायचा. एकदा तो रंगवायला बसला, तेव्हा मी कारण विचारलं.

“युनोच्या शांतिसेनेतनं गाझाला होतो. तवा इजिप्त आनि सीरिया मिळून एकच देश, एकच फौज. झेंड्यावर अशाच दोन चांदण्या. पुढं सीरिया येगळा झाला, पन इजिप्तच्या फौजेनं त्याची चांदणी पुसली न्हाय.”

पाटीवरची एक चांदणी त्याची, दुसरी धाकट्या भावाची. भाऊ वाटणी घेऊन कधीच वेगळा झाला होता. तरी ब्रश आधी भावाच्या चांदणीवर टेकला.

“ही कशाला आता?” मी म्हणालो.

“कदी आलाच, तर त्याला दुकान वळकाया नको?”