पतंगाचं बाळंतपण

अमेरिकेत विस्कॉन्सिनातल्या एका गावात लाइल आमुंडसनने अर्धं आयुष्य हेडमास्तरकी केली. निवृत्तीनंतर हुकूम ऐकायला बायको व्हर्ना तेवढी उरली, आणि तिला ती सवय नव्हती. म्हणून तो गावच्या निसर्ग मंडळात शिरला.

जानेवारीत तो बर्फ तुडवत कुरणात गेला आणि गोल्डनरॉड या पिवळ्या रानफुलाच्या वाळक्या काड्या घेऊन आला. प्रत्येक काडीवर एक लांबट गाठ. पुस्तकातल्या चित्राशी त्याने ती ताडून पाहिली. गोल गाठ माशीची, लांबट गाठ एका चिमुकल्या पतंगाची. इथवर बरोबर होतं. पान उलटायची गरज त्याला वाटली नाही. पुस्तकं त्याने जन्मभर दुसऱ्यांना वाचायला लावली होती.

"आत अळी झोपलीय," तो म्हणाला. "वसंतात पतंग बाहेर येईल."

व्हर्नाने गाठ डोळ्यांजवळ धरली. "हिला वर भोक आहे की रे."

"ते हवेसाठी," काड्या काचेच्या बरण्यांत भरत तो म्हणाला.

"मग बरणीला झाकण कशाला लावतोस?"

लाइलने झाकणांना खिळ्याने भोकं पाडली आणि बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडल्या. दार आपटायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, असा फतवा निघाला.

"माझ्या बाळंतपणांत एवढी काळजी घेतली नव्हतीस," व्हर्ना म्हणाली.

मे महिन्यात त्याने मंडळाला घरी बोलावलं. व्हर्नाने रुबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून 'पाय' नावाचा गोड पदार्थ भाजला. बारशाला यावीत तशी माणसं नटूनथटून आली. लाइल घसा खाकरून पतंगाचं लॅटिन नाव उच्चारत होता, तेवढ्यात मंडळाची चिटणीस डार्लीन वाकून म्हणाली, "लाइल, तुझ्या पतंगाला पाय किती?"

"सहा."

"मग हे आठ पायांचे कोण?"

खिळ्याच्या भोकांतून कोळ्याची पिल्लं बाहेर पडत होती. काहींनी साखरेच्या भांड्यापर्यंत धागा नेला होता. व्हर्ना झाडू आणायला धावली.

"काहीतरी वेगळंच बघायला मिळालं हो," मंडळी अदबीने म्हणाली, रुबार्बचा 'पाय' संपवून निघाली, आणि गाड्यांत बसल्यावर पोट धरून हसली.

संध्याकाळी लाइलने पान उलटलं. पतंग हिवाळ्याआधीच गाठ सोडून जातो; भोक बाहेर पडण्याचं, तोवर ते बुचाने बंद असतं. रिकाम्या घरांत मग कोळीबिळी मुक्काम करतात. पुस्तकाची मांडणीच चुकीची आहे, असं त्याने ठरवलं.

पण सप्टेंबरात, गवत कापायला जातो असं सांगून, तो रोज दुपारी कुरणात घडीच्या स्टुलावर बसू लागला. डासांनी त्याला फोडून काढलं. अखेर एका गाठीचं बूच हललं आणि नखाएवढा पतंग रांगत बाहेर आला, पंख सुकवत काडीवर बसला. गालावर डास बसला तरी लाइलने हात हलवला नाही. भाषण सुचलं नाही.

घरी आल्यावर तो म्हणाला, "दिसला."

"कसा आहे?"

"तपकिरी." मग जरा छाती काढून, "पुढच्या बैठकीत सांगतो सगळ्यांना, मला आधीपासूनच माहीत..."

"लाइल!"

"बरं," म्हणत तो मुकाट्याने जेवायला बसला.