साहेबांचा शोध-इतिहास

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी अमरावतीच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत सहायक होतो. कॉलेज तपासायला समिती येणार म्हणून कॅटलॉग इंटरनेटवर चढवायची कोण घाई! कंपनीचा माणूस सांगून गेला, प्रत्येकानं आपापल्या नावानं लॉगिन करायचं, म्हणजे कोणी काय शोधलं ते जपून राहतं. आपापल्या नावानं म्हणे! आमच्याकडे छत्रीसुद्धा आपापली राहत नाही. ग्रंथपाल साहेबांचा एकच पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरला चिकटवला. सगळं कॉलेज साहेबांच्या नावानं शोधायचं, आणि साहेबांनी त्या यंत्राला कधी बोट लावलं नव्हतं.

तेल्हाऱ्याकडची एक मुलगी रोज दुपारी यायची. तिचा बाप लोकांच्या शेतात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणीला जायचा.

"सर, फवारून आला का बाबाले धुरकट दिसते. दवाखान्यात गोळ्या देऊन वापस पाठवतात. पुस्तकात काही असन ना?"

"कॉम्प्युटरवर पाह्य ना, मले काहून विचारून राहिली?"

बिचारी शोधायची. कीटकनाशकाची विषबाधा. विष अंगात गेल्यास. विषावर उतारा. दर वेळी उत्तर एकच, नोंद सापडली नाही.

समितीला दाखवायला प्राचार्यांनी साहेबांचा शोध-इतिहास छापून मागवला. झालं! विष, विष, महिनाभर नुसतं विष. प्राचार्य पांढरेफटक पडले. दुपारपर्यंत बातमी राजापेठेत पोचली. शिपायानं संडासातली ॲसिडची बाटली लपवली. ज्यांनी साहेबांना जन्मात चहा पाजला नव्हता, ते समोसे घेऊन आले. "सर, घरी सगळं बरं आहे ना?" साहेब चक्रावले, "अरे, मले काय धाड भरली?" शेवटी त्यांना बळजबरीनं रजेवर धाडलं आणि मला हुकूम झाला, तो इतिहास पुसून टाक. मी पुसला. विष खरं कोण शोधत होतं, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही, कारण मला मजा येत होती.

साहेब नाहीत म्हणून कॅटलॉगात न चढवलेले गठ्ठे आवरायला काढले. फुकट आलेल्या शेतीच्या पुस्तकांचा एक गठ्ठा वर्षभर माझ्या टेबलाखाली होता, मी त्यावर पाय ठेवून बसायचो. त्यात फवारणीच्या विषबाधेवरचं पुस्तक निघालं. डोळ्यांवर काय करायचं, याचं वेगळं प्रकरण होतं.

मधे आठवडाभर न दिसलेली ती मुलगी एका दुपारी आली. मी मोठ्या ऐटीत पुस्तक पुढं केलं.

"आता नको सर. बाबाचं फवारणीले जाणं बंद झालं. त्याले दिसतच नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गेल्यावर पुस्तक कॅटलॉगात चढवलं. दोन मिनिटांचं काम होतं.