दात कशानं घासता?

सोयगावच्या स्टँडावर सकाळची गाडी लागली, तवा माझ्या सुनेनं पदराआड बोट तोंडात घातलं. मी तिच्या मनगटावर चापट मारली. चाळीशीची हाय रंजना, दोन लेकरांची आई. तरी मारली. तिच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा पडलाय. तिखट लागलं की डोळ्यातून पाणी येतं. त्यो चट्टा दाखवायलाच आम्ही निघालो व्हतो, अन् बाईला वाटंवर बी मिसरी (तव्यावर काळी जाळलेल्या तंबाखूची भुकटी) लागती!

"आत्याबाई, सकाळपासून एकदाच लावलीय वो," ती म्हणली.

"अन् आता ही?"

"ही गाडी लागू नये म्हणून."

मळमळलं की मिसरी, दात दुखला की मिसरी, परसाकडला होत नाय की मिसरी. देवाच्या अंगाऱ्याला बी एवढी कामं नसतात.

माझ्या तोंडाचं आपल्या गल्लीतल्या बायांना ठाव हाय, पण ज्यांला नाय त्यांच्यासाठी सांगते. सहा वरसं झाली. उजवा जबडा अर्धा काढला, छातीचं मांस आणून गालाला लावलं. मंग यंत्राचा शेक दिला (दवाखान्यात त्याला लाईट म्हणतात). त्या शेकानं रोग जळला तशी लाळ बी जळली. आता तोंड दोन बोटं आत जातील एवढंच उघडतं. भाकर ताकात कुस्करून खाते अन् पाण्याची बाटली बगलेतनं सोडत नाय. दर वरसाला तपासायला जावं लागतं. या खेपेला माझी बी तारीख व्हती, पण मी चालले व्हते रंजनासाठी.

गाडी फर्दापूरला थांबली. तिथं अजिंठ्याच्या लेण्या बघणारी माणसं चढतात-उतरतात. मी या वाटंनं किती खेपा केल्या त्याचा पत्ता नाय, पण लेण्या बघायला एकदा बी उतरले नाय. आमची वाट दवाखान्याची. घाट चढताना खिडकीतनं डोंगर दिसला, खाली कपाशी अन् मका दिसली. एवढं बरं दिसत व्हतं, अन् त्यात पुढच्या सीटवरला एक जण खिडकीतनं थुंकला. वाऱ्यानं त्याचं शिंतोडं माझ्या पदरावर आलं. लाल.

मी त्याच्या खांद्याला हात लावला. पस्तिशीचा असंल, अंगावर कंपनीचा शर्ट, वाळूजला कामाला जाणारा. बजाजनगरला ऱ्हातो म्हणला नंतर.

"काय खातो रं?"

"काय नाय आजी, साधी सुपारी."

मी तोंडावरचा पदर बाजूला केला. त्यो माझ्या गालाकडं बघतच ऱ्हायला.

"मी तर सुपारी बी खाल्ली नव्हती," मी म्हणले.

बाजूची म्हातारी हळूच म्हणली, "मला वाटलं गाडीनं ठोकलंय वो तुम्हाला."

त्यो गडी हसायचा म्हणून हसला. "जाऊ द्या आजी. मरण कुणाला चुकलंय?"

"मरण सोपं हाय बाबा. ह्ये तोंड घेऊन सहा वरसं जगून दाखव. लेकीच्या लग्नात सगळी पंगत जेवायली अन् तू कोपऱ्यात भिताडाकडं तोंड करून कढी पितो, तसं बसून दाखव. मंग सांग मरणाचं."

सिल्लोड येईस्तोवर त्यानं पुडी काढली नाय. सिल्लोडला उतरून कोपऱ्यात जाऊन खाल्ली. म्या बघितलं.

सिल्लोडच्या स्टँडावर मिरचीचा वास भरला व्हता. रंजनानं भजी घेतली, एक घास खाल्ला अन् डोळं पुसत कागद माझ्याकडं सरकवला. मला भजी चावत नाय, तिला सोसत नाय. सासू-सुना दोघी कागदातल्या भज्यांकडं बघत बसलो. शेवटी एका कुत्र्याचं भाग्य उजळलं. आम्ही केळी खाल्ली.

फुलंब्री, हर्सूल करत गाडी शहरात शिरली. पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर लिव्हलंय. माझ्या वयाच्या बायांच्या तोंडात अजून औरंगाबादच येतं. रिक्षावाला म्हणला, "अम्मा, कां जाना?" मी म्हणले, "कॅन्सरके दवाखाने." त्यानं माझं तोंड बघितलं अन् गपगुमान रिक्षा चालू केली.

औरंगपुऱ्याच्या गर्दीत रिक्षा अडकली. समोरच दुकान. वर पुड्यांच्या माळा लटकवलेल्या, अन् खाली बरणीशेजारी मिसरीच्या डब्या रचलेल्या. डबीवर चित्र कुणाचं? हसऱ्या बाईचं! पांढरेशुभ्र दात, नाकात नथ. आत काळी भुकटी अन् वर पांढरे दात. माझ्या अंगाची आग झाली. ज्यानं ह्ये चित्र काढलं त्याला एक दिवस माझ्यापुढं आणून बसवा. माझं चित्र काढून छापा म्हणावं डबीवर. नथ बी घालते पाहिजे तर.

रंजना दुसऱ्याच बाजूला बघत व्हती. पर तिचा हात पदराच्या गाठीवर व्हता. तिची डबी त्या गाठीत.

दवाखान्यात खिडकीशी एक तरणी पोरगी कागद भरत व्हती. नाव, गाव, वय विचारलं. मंग कागदावरचं वाचल्यावाणी म्हणली, "तंबाखू, गुटखा, विडी, दारू?"

"नाय बाई," रंजना म्हणली. "आमच्या घरात बाया तंबाखू खात नायत."

पोरीनं 'नाही' लिव्हलं. अन् म्हणली, "पुढच्या."

बायांनो, रंजना खोटं बोलली नाय. ह्येच तर सांगायचंय मला. मला बी असंच विचारलं व्हतं. माझ्या गालात फोड आला तवा आपल्याकडंच एका डॉक्टरला दाखवला, नाव घेत नाय त्याचं. त्यो म्हणला, "मावशी, तंबाखू खाता का?" मी म्हणले, "शिव शिव! आमच्यात बाया तंबाखू खातात व्हय?" तंबाखू बाप्ये खातात. तळहातावर चुना लावून मळायची, दाढंत धरायची, ती तंबाखू. मिसरी म्हंजी दात घासायचं. दात घासणं खाण्यात कोण धरतं? तुम्ही दंतमंजन खाता का, असं विचारल्यावर काय सांगाल तुम्ही?

त्यानं तोंडात बॅटरी बी मारली नाय नीट. उष्णता म्हणला. लाल गोळ्या दिल्या, लावायला मलम दिलं. आठ महिने! आठ महिने मी ते मलम मिसरी लावून झाल्यावर लावायची, म्हंजी दात स्वच्छ ऱ्हावेत. आज सांगते तर हसू येतं, पण त्या आठ महिन्यांत माझा जबडा गेला.

अन् ही पोरगी आज तेच लिव्हत व्हती. नाही.

मी खिडकीवर हात आपटला. "ए बाई, खोड ते!"

"काय झालं आजी?"

"तिला विचार, दात कशानं घासती."

"आजी, कागदावर तसा रकानाच नाय. जेवढं छापलंय तेवढंच..."

"मंग छापणाऱ्याला बोलाव! त्याची आई कशानं दात घासती ते विचारू."

मागं लाईन व्हती. कुणी हसलं, कुणी म्हणलं, "आवरा की म्हातारे." रंजनानं माझा हात धरला. "चला वो आत्याबाई, लोक बघायलेत."

"बघू दे. गाठ सोड."

"आत्याबाई..."

"सोड म्हणते ना."

तिनं गाठ सोडली अन् डबी खिडकीवर ठेवली. पितळंची, झाकणावर मोर. पोरीनं उघडली, वास घेतला अन् माझ्याकडं बघितलं. मंग हळूच म्हणली, "माझी आजी बी लावती ही." तिनं 'नाही' खोडलं अन् बाजूच्या मोकळ्या जागंत पेनानं लिव्हलं, मिसरी, रोज. रंजनाला विचारलं, "किती वरसं झाली ताई?"

मीच बोलले. "लग्न झालं त्या सालापासून. वीस वरसं. ती डबी मीच दिली तिला."

आता ह्ये बी लिव्हते, कारण दुसऱ्यावर संताप करायचा अन् आपलं झाकायचं ह्ये मला जमत नाय. ती डबी माझ्या सासूनं मला दिली व्हती. रंजनाला पहिल्या खेपेचे दिवस गेले, अन्न ठरत नव्हतं, रडायची. मी डबी तिच्या हातात ठेवली. म्हणले, लाव चिमूटभर, बरं वाटंल. तिला नको व्हती. चक्कर आली पहिल्या दिवशी. मी म्हणले, होईल सवय. मायेनं दिली वो. माझा जबडा गेल्यावर मी मिसरी सोडली, पण तिला सोड म्हणायला मला सहा वरसं तोंड नव्हतं.

आत डॉक्टरीण बाई व्हत्या, लेकीच्या वयाच्या. त्यांनी मला लवकर मोकळं केलं. माझं ठीक व्हतं. रंजनाला मातुर लई वेळ बघितलं. गाल ओढून, बॅटरी मारून, बोटानं चाचपून. मंग चट्ट्याचा बारका तुकडा काढला, तपासायला. "आठ दिवसांनी या. तोवर काय सांगता येत नाय."

मला बसवून त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. असा चट्टा लवकर हाती लागला तर रोग व्हायच्या आधीच अडवता येतो म्हणल्या. आरशापुढं उभं ऱ्हाऊन महिन्यातनं एकदा आपलं तोंड आपणच बघावं. थुंकीवरून ह्यो रोग ओळखता येईल का, त्याचा बी शोध चाललाय म्हणल्या.

"शोधा बाई, लई चांगलं," मी म्हणले. "पर थुंकी तपासायच्या आधी सवाल नीट विचारा. त्याला तर काय यंत्र बी लागत नाय."

त्या हसल्या नायत. मान हलवली. मी बघितलं, त्यांच्या भिताडावर तंबाखूच्या विरोधात चार चित्रं व्हती. चारी बाप्यांची.

ते आठ दिवस कसे गेले ते रंजनालाच विचारा. डबी मी माझ्या उशाखाली ठेवली. सकाळी तिचं डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाय, भांडी आदळायची. तिसऱ्या दिवशी मला म्हणली, "तुम्हीच सवय लावली अन् तुम्हीच तोडता." मी म्हणले, "व्हय. शिव्या दे, पर लावू नको." तिनं खरंच दिल्या. मी ऐकल्या. चूळ भरायला गरम पाणी दिलं, बडीशेप दिली. पाचव्या दिवशी आपण होऊन बाभळीची काडी घेऊन ओट्यावर बसली.

परत तीच गाडी, त्योच घाट. दवाखान्यात पोचलो तर खिडकीशी तीच पोरगी. आमच्या पुढं पैठणकडची एक म्हातारी उभी. पोरगी तिला म्हणली, "तंबाखू?" म्हातारी म्हणली, "नाय गं माय." मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगी म्हणली, "अन् दात कशानं घासता, आजी?"

म्हातारी म्हणली, "मिसरीनं. अजून कशानं?"

तरी अंगातला राग गेला नाय. ही एक खिडकी झाली. अशा खिडक्या किती, अन् 'नाही' लिव्हलेले कागद किती?

डॉक्टरीण बाईंनी रंजनाचा रिपोर्ट दोनदा वाचला. मी रंजनाचा हात धरला व्हता, का तिनं माझा, ध्यानात नाय. "कॅन्सर नाही," त्या म्हणल्या. "पण त्याच्या उंबऱ्यावर आहे. मिसरी परत लावली तर आत जाईल. सोडली अन् दर तीन महिन्यांनी दाखवत ऱ्हायलात तर मागं फिरायची आशा आहे."

रंजना तिथंच रडली. मी नाय रडले. माझ्या डोळ्यांचं पाणी बी त्या शेकात आटलं वाटतं.

घरी आलो ती सांजंची वेळ. रंजनानं आपल्या हातानं डबी राखेनं घासली, पाण्यानं धुतली अन् त्यात हळद भरली. तेवढ्यात शेजारची नवी नवरी दारात आली, लग्नाला दोन महिने बी झाले नायत. हळूच म्हणली, "रंजनाकाकू, चिमूटभर मिसरी हाय का? मळमळायलंय."

रंजनानं माझ्याकडं बघितलं. मंग तिला म्हणली, "आमच्या घरात बाया तंबाखू खात नायत."

"तंबाखू नाय मागत वो काकू. मिसरी मागते."

"ये, आत बस," रंजना म्हणली. "आधी आत्याबाईंचं तोंड बघ. मंग सांगते तू काय मागायलीस ते."

मी दिव्याजवळ सरकले अन् पदर खाली घेतला.